मागच्या सीटवरची ताई

चालायला आलेली माणसं आपली गाडी गेटाला अगदी चिकटून लावता यावी म्हणून एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात, हे मी रोज सकाळी बघते. जरा पलीकडे मोकळं मैदान पडलंय. पण तिथे गाडी लावली तर गेटापर्यंत चालत यावं लागेल! ते कोण चालणार? मग हीच माणसं कपाळाला घामाचे पट्टे बांधून, कोपरं उडवत, तोंडानं फूस फूस करत तासभर चालतात, परत गेटापाशी येतात आणि ‘आज फार बरं वाटलं’ म्हणत गाडीत बसतात. कोपऱ्यावरून दूध आणायला यांना गाडी लागते, हे मी शपथेवर सांगते, कारण यांतली निम्मी माझ्या गल्लीत राहतात.

मी इथे सायकली भाड्यानं देते. आमची शेड म्हणजे पूर्वीचा मालधक्का. डोंगरातल्या खाणीतून दगड भरून गाडी यायची, ती इथे रिकामी व्हायची. पुढे खाण बंद पडली, तिच्यामागून गाडीही, रूळ भंगारात गेले, आणि कितीतरी वर्षं त्या जागेवर काटेरी झुडपं आणि फुटक्या बाटल्या होत्या. मग पालिकेला एकदाची जाग आली. झुडपं काढली, खडी दाबली, वर डांबर ओतलं, मधोमध पांढरा पट्टा मारला. एका बाजूनं चालणारे, दुसऱ्या बाजूनं सायकलवाले. मधल्या छोट्या स्टेशनांत रसाची दुकानं आणि स्वच्छतागृहं आली. पालिकेच्या पाटीवर या रस्त्याचं नाव एवढं लांबलचक आहे की वाचेपर्यंत माणूस पुढे निघून जातो. आम्ही सगळे त्याला रूळवाट म्हणतो.

ओळखपत्र ठेवून घ्यायचं, सीट कमरेच्या हाडाशी लावून खालीवर करायची, हवा बघायची, हेल्मेटचा पट्टा आवळून द्यायचा, एवढं माझं काम. आणि हे करताना तोंड बंद ठेवायचं, हे त्याहून मोठं काम. कारण समोर येतात ते एकेक नमुने! कोणी बर्फाचा कडा चढायला निघाल्यासारखे बूट घालून येतो आणि पहिल्या रसाच्या दुकानापाशी बसकण मारतो. कोणी सायकल घेतो, तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढतो आणि परत देतो. एक बाई तर ‘चाकं स्वच्छ असलेली द्या’ म्हणाल्या. म्हटलं, बाई, ती जमिनीला टेकतात हो.

पण या सगळ्यांहून वरचढ नमुना माझ्याच घरात निघाला. घरात म्हणजे माझ्या ताईच्या घरात. माझे भावजी.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. चष्म्याच्या दुकानात तिची सगळी नोकरी झाली. समोर गिऱ्हाईक बसलं की ती त्याच्या चेहऱ्याकडे एकदाच बघते आणि सांगते, ‘तुमचा डावा कान थोडा वर आहे.’ मग चष्म्याची काडी गरम करून एवढीशी वाकवते, आणि जो चष्मा आठवडाभर नाकावरून घसरत होता तो जागेवर बसतो. बोलणं कमी. आवाज त्याहून कमी. आमच्या लहानपणी मात्र गल्लीत सायकल शिकलेली ती पहिली मुलगी. वडिलांची उंच दांड्याची सायकल, तिच्या दांड्याखालून पाय घालून मारायची. मालगाडी निघाली की शेजारच्या पायवाटेनं तिच्याबरोबर शर्यत लावायची, आणि गार्ड तिला हिरवा झेंडा दाखवायचा. लग्नानंतर ती सायकलवर बसली नाही. कोणी मनाई केली असं नाही. ते राहून गेलं, जसं पुष्कळ काही राहून जातं.

भावजी विमा कचेरीत विभागप्रमुख होते. विभागप्रमुख म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामावर सही करायची आणि ते काम आपण केलं असं वरच्यांना सांगायचं. त्यांना त्याची इतकी सवय झाली की घरातही तेच चालायचं. मध्ये त्यांना माशांचं वेड लागलं. मोठी काचेची पेटी आणली, रंगीत दगड आणले, आल्यागेल्याला माशांच्या जाती सांगायला लागले. पाणी बदलायची ताई. काच पुसायची ताई. एकदा ती आठ दिवस माझ्याकडे राहायला आली, तर भावजींचा फोन आला, ‘अगं, तुझे मासे मेले.’ आणले तेव्हा त्यांचे होते. मेल्यावर तिचे झाले.

निवृत्त झाल्यावर भावजींना घर पुरेना. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत, दिवे बंद कर, नळ नीट बंद झालाय का बघ. ताई अजून नोकरीवर होती म्हणून वाचली. त्यातच रूळवाट सुरू झाली. शेजारचे सगळे जायला लागले आणि भावजींच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी सरळ एक जोडसायकल आणली. दोन सीट, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या. मला दाखवायला शेडवर घेऊन आले.

“काय मेहुणीबाई, अशी आहे का तुमच्याकडे?”

मी म्हटलं, “भावजी, ताईला सायकल उत्तम येते. तिला वेगळी घ्यायची होती.”

“तिला कशाला वेगळी? कुठे धडपडली तर? हिच्यात बघ, सगळा ताबा पुढे आहे. ब्रेक पुढे, घंटी पुढे. मागच्याला कसलीच काळजी नाही.”

मी मागचं हँडल हलवून बघितलं. ते वळतच नव्हतं. नुसतं धरायला होतं, जत्रेतल्या पाळण्याच्या दांडीसारखं. आणि भावजी स्वतः सायकल शिकले होते ते साठी जवळ आल्यावर, तेही आमच्याच शेडच्या मागे, भिंतीला धरून. हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. ताईनं माझ्याकडे बघितलं. मी हवा भरायला खाली वाकले.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांची वरात निघायला लागली. पुढे भावजी, अंगात पिवळाधमक घट्ट शर्ट, पाठीवर पंख पसरलेला गरुड. पोट कितीही सुटलेलं असो, पाठीवरचा गरुड मात्र सडपातळ. हेल्मेटला मागचं दिसावं म्हणून छोटासा आरसा. तो त्यांनी असा बसवला होता की त्यात त्यांना स्वतःचे गाल दिसायचे. आणि मागे ताई, मान खाली, पाय फिरतायत. भावजींचा हुकूम चालू. ‘मार पेडल! आता हळू! वाकून बस, वारा अडतो! अगं, जोर लाव, मला ओढावं लागतंय!’

ओढत कोण होतं ते मला शेडमधून बसल्या जागी दिसायचं. भावजींचे पाय पेडलवर नुसते ठेवलेले असत, पेडल फिरतं म्हणून ते फिरत. शेडपुढच्या धक्क्याच्या छोट्या चढाला ताईच्या पोटऱ्या ताठ व्हायच्या आणि भावजींच्या पोटऱ्या सावरीच्या उशीसारख्या हलायच्या. वर आल्यावर दम ताईला लागलेला आणि शाबासकी भावजींना. “या वयात कमाल आहे हो तुमची!” म्हणत लोक त्यांच्या खांद्यावर थाप मारायचे. ताई तोवर सायकल स्टँडला लावत असायची.

मी एकदा तिला विचारलं, “तुला काय दिसतं गं मागून?”

“गरुड,” ती म्हणाली. “त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा वर शिवलाय. रोज वाटतं, उसवून नीट करावा.”

“मग नाही म्हणून सांग ना त्यांना.”

“नाही म्हटलं की पंधरा दिवस घरात तोंडाला कुलूप. जेवताना ताट सरकवायचं, पाणी हवं असलं तर भिंतीकडे बघून खोकायचं. त्यापेक्षा सकाळी तासभर पाय हलवलेले परवडले.”

रूळवाटेवर ‘रूळमित्र’ नावाचं एक मंडळ निघालंय. त्याचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. ते सायकल कमी चालवतात आणि भाषणं जास्त करतात. दवाखान्यात समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकटंच बोलायची सवय, ती इथेही कामाला येते. रूळवाटेचा वाढदिवस आला तेव्हा त्यांनी जाहीर केलं की यंदा ‘आदर्श जोडी’ असा कप द्यायचा. खाणीच्या टोकापासून शेडपर्यंत जे जोडपं सर्वांत कमी वेळात येईल त्याला. वेळ ज्यानं त्यानं आपल्या मनगटावरच्या घड्याळात मोजायची आणि मंडळाला कळवायची. मोजायला दुसरं कोणी नाही, सगळा मामला विश्वासावर.

भावजींना दुसरं काही सुचेना. रात्री बिया भिजत घालायच्या, सकाळी त्या चावायच्या. बीट किसून त्याचा रस प्यायचा आणि लाल मिशा घेऊन घरभर हिंडायचं. ताईनं काय खायचं तेही तेच ठरवणार. “तुझं वजन उतरलं तर माझी वेळ सुधारेल,” असं ते तिला जेवतानाच सांगायचे. हे मी स्वतः ऐकलंय. माझ्या हातातला घास हातातच राहिला. ताईनं शांतपणे स्वतःला आणखी वाढून घेतलं. तेवढंच मला समाधान.

शेवटी एका रविवारी ते दोघं कपासाठी वेळ नोंदवायला निघाले. खाणीच्या टोकापर्यंत सावकाश गेले, तिथे वळले, भावजींनी घड्याळाचं बटण दाबलं आणि परत निघाले. परतीचा रस्ता उतरता आहे. डोळ्यांना कळत नाही इतका उतार, दगडानं भरलेली गाडी आपसूक खाली यावी म्हणून ठेवलेला. भावजींना हा उतार कधीच मान्य नव्हता. त्यांच्या मते जाताना वारा समोरून असतो आणि येताना अंग तापलेलं असतं, म्हणून वेग येतो.

वाटेत गाडीचा जुना बोगदा लागतो, त्यात शिरायच्या आधी ताईच्या गळ्यातल्या लांब रुमालाचं टोक साखळीत अडकलं. ती म्हणाली, “अहो, थांबा जरा.”

“आत्ता?”

“रुमाल अडकलाय. गळ्याला ओढ बसतीये.”

भावजी थांबले, पण एकच पाय खाली टेकून, मनगट डोळ्यांपुढे धरून. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. ताई उतरली, खाली बसली, चाक हातानं उलटं फिरवून टोक सोडवलं. त्याला काळं वंगण लागलं होतं.

“झालं?”

“झालं,” ताई म्हणाली. रुमाल सोडवून झाला होता. सीटवर बसून झालं नव्हतं.

भावजींनी पेडल मारलं आणि गेले.

पुढचं सगळं मला ताईनंच सांगितलं. ती हातात रुमाल घेऊन उभी. जोडसायकल बोगद्यात शिरली. आतून भावजींचा आवाज घुमत होता, ‘आज बघ कशी पळतीये! बिया चावल्याचा परिणाम आहे हा! तुला सांगत नव्हतो?’ आणि बोगदा त्यांना त्यांचंच शेवटचं वाक्य परत ऐकवत होता. त्यांना तेच उत्तर वाटलं असेल. आवाज बारीक होत गेला आणि पलीकडच्या उजेडात एक पिवळा ठिपका दिसून नाहीसा झाला.

इकडे शेडवर मी एका ट्यूबला ठिगळ लावत होते. घंटीचा आवाज आला. वर बघते तर जोडसायकल सुसाट येतीये, भावजी हँडलवर आडवे झालेले, तोंडानं अखंड बडबड, आणि मागची सीट रिकामी. बाकावरचे दोघेतिघे उठून उभे राहिले. भावजींना वाटलं, मान द्यायला उठले. त्यांनी एक हात वर केला.

“मेहुणीबाई, घड्याळ बघा! घड्याळ बघा! अगं उतर आता, पाणी दे.”

शेवटचं वाक्य मागच्या सीटला होतं.

मी म्हटलं, “भावजी, ताई कुठंय?”

“कुठंय म्हणजे काय? ही काय—”

मग ते वळले. आधी सीटकडे बघितलं. मग सीटच्या खाली बघितलं. खाली! मोठ्या बाईमाणसाला शोधतायत की हरवलेला स्क्रू, कोण जाणे. आणि मग त्यांनी पहिली गोष्ट काय केली? मनगट वर करून घड्याळ थांबवलं.

“न सांगता उतरली!” ते म्हणाले.

“पडली तर नाही ना कुठे?”

“पडली असती तर मला कळलं नसतं का?”

“उतरलेली कळली नाही ती?”

मी ताईला फोन लावला, तर तो त्यांच्याच पोटाशी वाजायला लागला. दोन्ही फोन पुढच्या पिशवीत होते. अर्थात. सगळा ताबा पुढे.

“तुम्ही परत जाताय का बघायला?” मी विचारलं.

“रस्ता एकच आहे, येईल की. आणि माझं अंग गार पडलं तर पायात गोळे येतात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रसवाल्याला म्हटलं, शेडकडे लक्ष ठेव, आणि हाताला लागली ती सायकल काढून निघाले. वाटेत समोरून येणाऱ्यांना विचारावं तर प्रत्येकाला सगळं माहीत. “तो एकट्यानंच बोलत चाललेला माणूस ना? आम्हाला वाटलं, कुठलं तरी शूटिंग चाललंय.” एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मी त्यांना ओरडून सांगितलं हो, अहो, मागे कोणी नाही! तर ते म्हणाले, हो हो, सगळ्यांना मागे टाकलं.”

ताई मला पुलावर सापडली. बोगद्याच्या शेडकडच्या बाजूला ओढ्यावर जुना लोखंडी पूल आहे, त्याच्या कठड्याला टेकून ती संत्रं खात होती. चालायला आलेल्या कोणा बाईनं तिला दिलं होतं. मला बघून हसली. मी सायकल टाकलीच खाली.

“अगं, ठीक आहेस ना? हाक का नाही मारलीस?”

“मारणार होते,” ती म्हणाली. “तोंड उघडलंसुद्धा. मग तो गरुड लांब जाताना दिसला. काय बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, बघू तरी किती लांब जातो.”

मी हसायला लागले, तीही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी जरा जास्तच वेळ राहिलं.

“बोगदा संपेपर्यंत वाटत होतं,” ती म्हणाली, “आता वळतील, आता कळेल. मी चालत बोगद्यातून बाहेर आले, तेव्हाही रस्त्याकडे बघत होते. मग इथे आले, खाली बघितलं आणि वाटायचं थांबलं.” तिनं संत्र्याची एक फोड माझ्या हातात ठेवली. “खाली पाणी आहे, तुला माहीत होतं? मासे आहेत त्यात. इतके महिने मी या पुलावरून जातीये, मला माहीत नव्हतं. मान खाली, वाकून बस.”

आम्ही परत निघालो. मी सायकल हातात धरून चालत होते. ताई काही घाईत नव्हती. तिच्या पायात सायकलचे ते टणक बूट, चालायला अगदी निरुपयोगी, म्हणून तिनं ते काढून सायकलच्या हँडलला अडकवले आणि मोज्यांवर चालली. चालणारे बघत होते. घामाचे पट्टे, घड्याळं, कोपरं उडवणारे सगळे. ती मधूनच थांबायची, कुठलं तरी रानफूल बघायची, त्याला हात न लावता पुढे व्हायची.

शेडपाशी पोचलो तर दृश्य काय? भावजी बाकावर बसून रस पितायत, भोवती मंडळाची माणसं आणि मधोमध दातांचे डॉक्टर. डॉक्टर घड्याळ डोळ्यांजवळ धरून म्हणत होते, “अशक्य! निव्वळ अशक्य! मागच्या जोडप्याला तुम्ही धुळीला मिळवलंत.”

भावजी उठून ताईकडे आले. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. माणूस म्हणून एखादा शब्द. ते खालच्या आवाजात म्हणाले, “मी सांगितलंय की तू तोंड धुवायला गेली आहेस. उगाच काही बोलू नकोस.”

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघते तसं, एकदाच. मग नळाशी गेली आणि खरोखरच तोंड धुतलं.

घरी गेल्यावर मी तिला खूप बोलले. “खोटी वेळ आहे ही! दोघांची म्हणून सांगतायत. उद्या कप मिळाला म्हणजे?”

“मिळू दे.”

“मी जाऊन डॉक्टरांना सांगते. निम्म्या रूळवाटेनं बघितलंय.”

“तू काही सांगायचं नाहीस,” ती म्हणाली. तिचा आवाज चढत नाही, पण असं बोलली की माझं तोंड मिटलं. “तुला माझी शपथ.”

मला तेव्हा तिचा राग आला. वाटलं, किती सोसायचं माणसानं! आणि निम्म्या रूळवाटेनं बघितलं होतं हेही खरं, पण कोणी बोललं नाही. मंडळात भावजींनी बरेच सभासद आणून दिले होते, आणि डॉक्टरांना कप कोणाला तरी द्यायचाच होता. खरं सांगून कोण वाईटपणा घेणार?

समारंभ आमच्याच शेडमध्ये झाला. सायकली बाहेर काढून खुर्च्या मांडल्या, हे सगळं अर्थात मी. त्या दिवशी ताईनं दुकानात मालाची मोजदाद आहे म्हणून सांगितलं आणि आली नाही. भावजींनी दोनदा ‘चल’ म्हटलं, तिसऱ्यांदा नाही. नाव पुकारल्यावर ते एकटेच व्यासपीठावर गेले. कपाला दोन कान होते, दोघांनी दोन बाजूंनी धरायला. त्यांनी दोन्ही कान स्वतःच धरले. एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

मग त्यांनी भाषण केलं. संसार आणि जोडसायकल. पुढच्यानं दिशा द्यावी, मागच्यानं साथ द्यावी. “माझ्या पत्नीनं मागे बसून मला कधी भास होऊ दिला नाही की ती मागे आहे,” असं ते म्हणाले. मी मागच्या भिंतीशी उभी होते. रसवाला माझ्या शेजारी उभा होता, त्याला एकदम खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर पळाला. मी पळाले नाही. दात ओठ खात सगळं ऐकलं, कारण शपथ घातली होती.

आणि शेवटी भावजींनी जाहीर केलं की आता ते जोडसायकल सोडतायत. शिखरावर असताना थांबावं, तरुणांना वाव द्यावा, वगैरे. लोकांनी ‘नाही, नाही’ म्हटलं. त्यांनी हात जोडले, मान हलवली, पण निर्णय पक्का.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती विक्रमी वेळ पुन्हा गाठून दाखवणं त्यांना शक्यच नव्हतं. मागे ताईला बसवून गेले असते तर घड्याळानं खरं सांगितलं असतं, आणि ताईला सोडून गेले असते तर लोकांनी. म्हणून जोडसायकलच नको.

रात्री मी ताईकडे गेले. कप काचेच्या कपाटात बसला होता. भावजी झोपले होते. मी म्हटलं, “तुला आधीच कळलं होतं?”

ताई भांडी पुसत होती. “मी खरं सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर ते सिद्ध करायला दुसऱ्या दिवशी मला पुन्हा मागे बसवून निघाले असते. मग तिसऱ्या दिवशी. मग वर्षभर.” तिनं फडकं झटकलं. “आता कसं, काही सिद्धच करायला नको.”

जोडसायकल भावजींनी माझ्या शेडला भाड्यानं लावायला दिली. येतात त्यावर बसायला जोडपी, हौशीहौशीनं. पहिल्या वळणाच्या आत भांडण सुरू होतं, आवाज शेडपर्यंत येतो. मी ठिगळं लावत बसते.

भावजी आता मंडळाचे सल्लागार आहेत. गळ्यात शिट्टी घालून गेटापाशी उभे राहतात आणि नव्या सायकलवाल्यांना कसं वाकावं ते दाखवतात. स्वतः सायकलवर बसत नाहीत, गुडघ्याचं कारण सांगतात. त्यांचं बरं चाललंय. अशा माणसांचं नेहमीच बरं चालतं, मला त्याचं आता आश्चर्य वाटायचं थांबलंय.

ताई सकाळी चालायला येते. साधी चप्पल, दुकानात जायचे कपडे, खांद्याला डब्याची पिशवी. मनगटावर काही नाही. भावजींनी तिला सुरुवातीला सांगून बघितलं की चालणं हा काही खेळ नव्हे, त्यात वेळ मोजत नाहीत, मंडळ त्याला मान्यता देत नाही. ती ‘बरं’ म्हणाली आणि चप्पल घातली. ती येते तेव्हा गेटावर गाड्या लावायची भांडणं जोरात असतात. ती मधून वाट काढत निघून जाते, पुलापर्यंत जाऊन परत येते, मला हात करते आणि दुकान गाठते.

मागच्या महिन्यात तिनं सुट्टी घेतली आणि खाणीच्या टोकापर्यंत चालत गेली. एकटीच. मला म्हणाली, तिथे खाणीत आता तळं झालंय, दगडाच्या कड्यांमध्ये हिरवं पाणी. सायकलवरून कधी दिसलं नाही, कारण तिथे पोचलं की लगेच वळायचं असायचं. एक माणूस गळ टाकून बसला होता. त्यानं तिला बसायला गोणपाट दिलं. ती दुपारभर बसली, डबा खाल्ला, त्याला एकही मासा लागला नाही, आणि दोघं फारसं काही बोलली नाहीत. मग ऊन उतरल्यावर परत निघाली.

घरी आली तेव्हा अंधारलं होतं. भावजी दारातच उभे होते. मीही होते तिथे, तिची वाट बघत. तिनं चप्पल काढली आणि सांगितलं कुठे जाऊन आली ते.

“चालत?” भावजी म्हणाले. “खाणीपर्यंत? किती वेळ लागला?”

“दिवस गेला,” ताई म्हणाली.

भावजींनी माझ्याकडे बघून कीव केल्यासारखी मान हलवली. “फार वेळ,” ते म्हणाले. “फारच वेळ.”

ताई पाय धुवायला आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो चालूच राहिला.